पेन्सिलीनं लिहिलेला पक्का शब्द

दादा,

आपला बाप तांदळाच्या मिलमध्ये पोती वाहायचा आणि आपल्या घरी अख्खा तांदूळ शिजत नव्हता. हे मी आता ऑफिसात सांगते तेव्हा नव्या पोरींना गंमत वाटते. वारासिवनीच्या मिलमधून बाबा संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांच्या दुपट्ट्यात कनकी बांधलेली असायची. कनकी म्हणजे मशिनीत तुटलेला चुरा. तिची पेज सकाळी, तिचाच भात रात्री. माय बिड्या वळायची. ठेकेदाराचा माणूस तिच्या बिड्या छाटायचा, मूठभर ‘खराब’ म्हणून बाजूला काढायचा आणि त्या खराब बिड्या परतही द्यायचा नाही. उन्हाळ्यात सगळं घर जंगलात तेंदूपत्त्याला, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला. तू बारावीत होता, फौजेची भरती निघाली, आणि तू नहरीच्या काठानं पळायला लागला. माय म्हणायची, "पळून पळून पोटातली पेज जिरवते हा, मंग पुन्हा मांगते."

तू भरती झाला, त्यानंतर आपल्या घरी पहिल्यांदा अख्खा भात शिजला. मायनं त्यात पाणी कमी घातलं, कारण तिला अंदाजच नव्हता. कच्चा राहिला. आपण सगळ्यांनी खाल्ला.

तू कधी गेला, कशानं गेला, किती वर्षांचा होता, ते मी लिहीत नाही. ते लोकांनी फलकावर लिहिलं आहे, फोटो लावून. विहारात तुझी शोकसभा झाली. गर्दी मोठी होती, तुला आवडली नसती. एक पुढारी भाऊ बोलायला उभे राहिले, ते तुला कधी भेटलेही नव्हते. म्हणाले, या वीरानं दुश्मनाला धूळ चारली. मी खाली सतरंजीवर बसून होते. मला हात वर करून सांगावंसं वाटलं, की अहो, माझ्या भावानं असं कधी म्हटलं नाही. पोट्टे तुझ्या मागं लागायचे, "काका, कितने मारे?" आणि तू म्हणायचा, "मी पाणी वाहलं रे. रात्री पहाडावर पाणी चढवाचं, राशन चढवाचं. माह्या बापानं पोते वाहले, मी जेरीकॅन वाहले. खानदानी धंदा." पोट्टे नाराज होऊन निघून जायचे.

वरून गोळे पडत असताना ते पाणी चढवायचं होतं, हे तू सांगितलं नाही. ते मी मोठी झाल्यावर दुसरीकडे वाचलं.

तुला आयुष्यभर मी हिंदीत लिहिलं. आपल्या मध्य प्रदेशात शाळा हिंदी, तुझी फौज हिंदी, म्हणून चिठ्ठी म्हटली की हिंदीच. बोललो मात्र नेहमी आपल्या बोलीत, भांडलो तर त्याच बोलीत. हे तुला पहिलं मराठी पत्र. चुका काढशील, तर काढ.

कारगिलची लढाई लागली तेव्हा मी दहावीची परीक्षा दिली होती. तुझी पलटन द्रासच्या वरच्या पहाडावर आहे, एवढंच आम्हाला माहीत. तुझ्या पत्त्यात गाव नव्हतं, जिल्हा नव्हता, नुसता एपीओचा, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा, नंबर. बाबांना ते काही पटेना. असं कसं गाव, की ज्याला नावच नाही? मायनं मुरमुऱ्याचे लाडू बांधले, आणि बाबा मिलमधून सुट्टी घेऊन थेट बालाघाटच्या मोठ्या पोस्टात गेले. मीही सोबत होते. खिडकीवरच्या बाबूला त्यांनी विचारलं, "साहेब, हे एपीओ कोनत्या जिल्ह्यात येते? बस कुठून भेटन?"

बाबूनं पाकीट पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. "बाबा, वहाँ बस नहीं जाती."

"मंग आगगाडी?"

"रेल भी नहीं जाती, बाबा. लड़ाई है वहाँ. अभी वहाँ सिर्फ चिट्ठी जाती है."

लाडूचा डबा काखेत धरून बाबा बाहेर आले. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "सुजे, तुह्यं अक्षर चांगलं आहे ना वो?"

दादा, माझ्या शिक्षणाबद्दल आपल्या बापानं विचारलेला तो पहिला प्रश्न. दहावीपर्यंत मी कोणत्या वर्गात आहे हेही त्यांना मायला विचारावं लागायचं. लाडू आम्ही बसमध्येच खाल्ले.

आपल्या मोहल्ल्यातली चिठ्ठीची रीत तुला ठाऊकच होती, आणि माझं तर म्हणणं आहे की ती तुला जरा जास्तच ठाऊक होती. फौजेतली चिठ्ठी घरात वाचायची नाही. संध्याकाळी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर सगळे बसणार, आणि जिला वाचता येतं ती पोरगी वाचणार. ती मी. आधी तुझे जयभीम. अर्धी चिठ्ठी त्यातच जायची. पहिलं नाव कौसामायचं, कारण मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांच्या नाळा तिनं कापल्या होत्या, तुझीही. तिचं नाव पहिलं नसतं तर तिनं पुढचं ऐकलंच नसतं. मी एक ओळ हिंदीत वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची. हिंदी सगळ्यांनाच कळायची, पण आपल्या बोलीत सांगितल्याशिवाय मायला ते तुझं वाटायचं नाही. ती बिड्या वळत वळत ऐकायची. तिचा हात थांबत नव्हता.

लढाई लागल्यावर बरेच दिवस चिठ्ठी नाही. सरपंचाच्या घरच्या टीव्हीवर तिरंग्यातल्या पेट्या दिसायच्या. माय तिकडे जाईना. बाबा जाऊन यायचे, आणि आल्यावर बैलासारखं पाणी प्यायचे.

आणि त्याच दिवसांत कटंगीचे मामा माझ्यासाठी त्यांच्याच गावचं स्थळ घेऊन आले. पोरगा बरा होता, मी नाही म्हणत नाही. मला मात्र अकरावीत जायचं होतं, आणि पोरींची अकरावी बालाघाटला होती. तिथं होस्टेल, तिथून पुढं कॉलेज. मी मायला म्हटलं, मायनं बाबांना म्हटलं, बाबा म्हणाले, "पाहू." आपल्या घरात ‘पाहू’ म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. ते ‘नाही’च असतं, फक्त भांडण टाळून म्हटलेलं. पुढच्या आठवड्यात सोयरीक पक्की करायचं ठरलं. मी बालाघाटला जाणार की कटंगीला, ते आठवडाभरात कळणार होतं.

तेवढ्यात तुझी चिठ्ठी आली.

त्या संध्याकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मामाही बसले होते, पुढंच. मी जयभीम वाचले, कौसामाय खूश. तू ठीक आहे, वाचलं. पुरी-भाजी डब्यातली मिळते, वाचलं. आणि मग मी थांबले.

"काहून थांबली वो?" कौसामाय म्हणाली.

"यात माह्यं आहे."

"मंग वाच ना. तुह्यं आहे तं तूच वाच."

मी एका दमात वाचून टाकलं: "बाबा, सुजाता की शादी की बात अभी मत करना। उसे बालाघाट में ग्यारहवीं में डालो, फिर कॉलेज भेजो। आप हाँ लिखवा दोगे तो यहाँ मेरा मन लगेगा।"

आपल्या बोलीत सांगायची गरज पडली नाही. मामा लगेच म्हणाले, "लढाईवर गेला का लगन मोडाले गेला हा पोट्टा?"

बाबांचा चेहरा असा झाला होता की मला खाली कागदातच बघत राहावंसं वाटलं. गावासमोर पोराची मागणी. तीही पोरीच्या तोंडून. त्यांनी माझ्या हातातून चिठ्ठी घेतली. वाचता येत नव्हतं, तरी उलटी-सुलटी करून पाहिली, आणि त्यांना एक वाट सापडली.

"हे तं पेन्सिलीनं लिवलं आहे," ते म्हणाले. "कच्चं आहे हे. पक्कं मनात असतं तं पेनानं लिवलं असतं पोट्ट्यानं."

"हौ भाऊजी," मामा म्हणाले. "पेन्सिलीचा कागद कचेरीतबी चालत नाही."

मी म्हटलं, "बाबा, पेन चालत नाही तिथं. मांगच्या चिठीच्या कोपऱ्यात लिवलं होतं त्यानं, ते मी वाचलं नाही. रात्री शाई गोठते."

"शाई गोठते?" बाबा म्हणाले. "असं कुठं असते का?"

ओटा हसला. आपल्याकडे तेव्हा लू चालली होती, डांबर विरघळत होतं, आणि ही पोरगी सांगते शाई गोठते. मामा तर मांडीवर थाप मारून हसले. एकटी कौसामाय हसली नाही. तिनं सगळ्यांचं हसणं होऊ दिलं आणि विचारलं, "शाई गोठते, तं पोरगा कसा राहात असन वो तिथं?"

मायचा हात थांबला. सुपातला तेंदूचा पत्ता अर्धा गुंडाळलेला, तसाच.

बाबा घसा साफ करून म्हणाले, "येऊ द्या त्याले लढाईवरून. मंग पाहू."

तेव्हा कौसामाय उठून उभी राहिली. ती उभी राहिली की बाप्यालोकांची नजर खाली जायची, कारण तिनं सगळ्यांनाच उघडं पाहिलं होतं. म्हणाली, "लढाईतल्या पोराले ‘मंग’ म्हनते का रे? मंग म्हनजे कवा? तू सांगशीन त्याले तारीख?"

बाबांनी मामांकडे पाहिलं. मामा चप्पल शोधत होते. बाबांनी मायकडे पाहिलं, माय त्यांच्याकडेच पाहत होती. मग ते मला म्हणाले, "लिव."

"काय लिवू?"

"हौ लिव." आणि थोडं थांबून, मोठ्यानं, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं: "पेनानं लिव."

असं झालं माझं अकरावीचं. मला लोक विचारतात, तुमच्या यशाचं श्रेय कोणाला? मी तुझं नाव घेते, आणि कौसामायचंही. सोयरीक मोडली म्हणून मामा दोन दिवाळ्या आले नाहीत. तिसऱ्या दिवाळीला आले तेव्हा त्यांच्या पोराचा बारावीचा अभ्यास घ्यायला मीच होते.

आता आपलं भांडण. ते संपलं नाही, आणि तू मधेच उठून गेला, तुझी ही सवय जुनी आहे.

तू हिवाळ्यात सुट्टीवर आला. बाबा तुझ्याशी चार शब्द बोलेनात. वाढलेलं ताट तुझ्याकडे सरकवत, पण तोंडानं ‘जेव’ म्हणत नव्हते. मी तुला नहरीवर गाठलं आणि म्हटलं, "दादा, तू बाबाले गावासमोर वाकवलं. घरात सांगता आलं नसतं?"

"घरात सांगतलं होतं. जाच्या आधी सांगतलं, स्टेशनावर सांगतलं. दोन्ही खेपी ‘पाहू’ म्हने."

"म्हणून ओट्यावर? तुले मालूम होतं ना, मीच वाचणार, सगळे ऐकणार?"

"मालूम होतं."

"लढाईचा फायदा घेतला तू."

"हौ," तू म्हणाला, एकदम सरळ. "फौजीचं एरवी कोन ऐकते? तवा ऐकणार होते."

"आणि तू आलाच नसता तर? मी आयुष्यभर हेच घेऊन बसले असते, की माह्या शाळेसाठी..."

"मंग तं तुले शिकाच लागलं असतं," तू म्हणाला आणि हसला.

मी तुला चिखलाचं ढेकूळ मारलं. ते लागलंही. पण दादा, मला तुझा तो मुद्दा तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. पोरीच्या शिक्षणासाठी पोराचा जीव पणाला लागलेला असावा लागतो, तेव्हाच बाप ‘हौ’ म्हणतो, हा कुठला न्याय? तू म्हणायचा, न्याय कोन विचारते, काम झालं का ते पाह्य. काम झालं, हे खरं आहे. तुझे उपकार आहेत, आणि तुझ्यावर माझा रागही आहे. दोन्ही राहणार.

बाबा सुट्टीच्या शेवटी वितळले. तुला मिलमध्ये घेऊन गेले, आणि सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "हा माहा पोट्टा. हा राहते तिथं शाई गोठते म्हणते." तिथले हमाल हसले नाहीत, असं तूच सांगितलं होतं. मी बी.ए. झाले तेव्हा बाबांनी माझी डिग्रीही तशीच उलटी-सुलटी करून पाहिली. "छापील आहे," म्हणाले. "हे पक्कं." आता बाबाही नाहीत, कौसामायही नाही.

काही गोष्टी मी तुला विचारल्या नाहीत. रिटायर झाल्यावर तू मलाजखंडला खदानीवर गार्ड होता, सुट्टीला आपल्या गावी यायचा, आणि कोणाच्याही लग्नात गेला की आधी मांडवामागचे नळ बंद करत फिरायचा. लोक चिडवायचे, "आला पानीवाला बाबा." एकदा माझ्या घरी, ओट्यावर बसून, तू आपण होऊन म्हणाला, "वर एक पोरगा होता सुजे. पाणी मागत होता." मी हातातलं काम ठेवलं. तू पुढं बोलला नाही. मी विचारलं नाही. तू चहा घेतला, कपातला शेवटचा घोटही सोडला नाही, आणि क्रिकेटचं बोलायला लागला. मला वाटतं मी बरोबर केलं. तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतं, तुला सांगायच्या वेळा बरोबर कळायच्या.

पण शेवटच्या रविवारचं मला बोलायचं आहे, कारण त्या दिवशी तू मला हरवून गेला असं तुला वाटलं असेल.

तुझ्या पोरीला, रश्मीला, जबलपूरला नर्सिंगला जायचं होतं. नंबर लागला होता. वहिनीनं मला फोन केला, "ताई, तुम्ही बोला त्यायच्याशी. माह्यं ऐकत नाहीत." मी आले. तू खाटेवर पेपर वाचत होता.

मी म्हटलं, "दादा, रश्मीचं काय?"

"एवढ्या दूर कायले? वारासिवनीत कॉलेज नाही का?"

"वारासिवनीत नर्सिंग नाही. आणि तू द्रासला गेलता, ते जवळ होतं का?"

"मी नोकरीवर गेलतो."

"तीही नोकरीसाठीच चालली."

"जमाना खराब आहे सुजे."

"तेव्हा लय चांगला होता, नाही का?"

तू पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि म्हणाला, "पाहू."

दादा, तू! मला हसू आलं आणि रडूही आलं. बाबांचाच आवाज, बाबांचीच मान. रश्मी दारात उभी होती, तिचा चेहरा मी पाहिला. तो मला ओळखीचा होता. तुला मी तिथंच झापायला हवं होतं, पण बस निघायची वेळ झाली. पुढच्या रविवारी येते, मग तुला सोडत नाही, असं म्हणून मी गेले. पुढचा रविवार तू येऊ दिला नाही.

मला वाटतं तू मानला असता. खात्री नाही. तू पोरीचा बाप होता, आणि बापांना भीती वाटते, हे मला माझी स्वतःची पोर झाल्यावर कळलं. आपल्या बाबांनाही भीतीच वाटत असेल. त्यांना ती ‘पाहू’ या एकाच शब्दात सांगता यायची. तुला निदान तीन-चार वाक्यं यायची. एवढी प्रगती झाली घराची, हे मी कबूल करते.

शोकसभा झाल्यावर पाहुणे पांगले. माय तुझ्या खाटेजवळ बसून होती. नातेवाईकांपैकी कोणीतरी म्हणालं, आता बाप गेला, पोरीला दूर पाठवणं बरं नाही, वर्षभर थांबा, मग पाहू. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याजवळ सगळं तयार होतं, मी सुपरवायझर आहे, गावोगावच्या अंगणवाड्यांत हेच बोलून बोलून माझा घसा तयार झालेला आहे. पण माझ्याआधी वहिनी बोलली. तीच, जी तुझ्यासमोर आवाज वर करत नव्हती. चुलीपाशी उभी होती, डोळे सुजलेले.

"त्यायचं पाहून झालं," ती म्हणाली. "आता मी सांगतो. रश्मी जाईल."

मायनं मान डोलावली. माझी गरज पडली नाही, आणि त्याचा मला फार आनंद झाला. तुझी बायको कशी बोलली, ते तू ऐकायला हवं होतं.

तू ‘हौ’ म्हणाला नाही, हे राहिलंच. ते मी तुझ्या नावानं खोटं लिहिणार नाही. पण तुझी पेटी, ती फौजेतली काळी, रश्मीनं मागून घेतली आणि तिच्यावरचं तुझं नाव तसंच ठेवलं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी हलली तेव्हा ती रडली नाही, मी रडले. ती खिडकीतून म्हणाली, "आत्या, फोन करीन मी, रोज." मी म्हटलं, रोज नको, अभ्यास कर.

दादा, रश्मी जबलपूरला पोचली. तिला होस्टेल मिळालं, वर्ग सुरू झाले. आपल्या घरातली ती कॉलेजात गेलेली दुसरी पोरगी, आणि तिला पाठवण्यासाठी कोणाच्या भावाला लढाईवर जावं लागलं नाही.